मडमेची चौकट

चौकट आणायला गेलो आणि मडम घेऊन आलो, एवढंच खरं तर घडलं. बाकीचं आमच्या जळगावच्या कॉलनीनं वाढवलं आणि कॉलनीला जे जमलं नाही ते सरकारनं पूर्ण केलं. तरी जळगावपासून धुळ्यापर्यंत माझ्याविषयी जे बोललं जातं त्याचा खुलासा करणं मला भाग आहे. मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेला माणूस. खुलासा लिहिण्यात माझा हात धरणारा त्या खात्यात कुणी नव्हता.

माझी पत्नी सुनंदा सत्त्याऐंशी साली दिवाळीनंतर गेली. तेराव्याला गेलेल्या माणसाचा फोटो पाटावर ठेवतात. आम्ही तिची जांभळी साडी घडी करून ठेवली होती, कारण फोटो नव्हताच. आमचं लग्न छपन्न सालचं, शिंदखेड्याकडच्या खेड्यात. फोटोवाला नरडाण्याहून येणार होता, तो आला नाही आणि का आला नाही हे आजतागायत कळलं नाही. पुढं कुठल्याही समारंभात फोटोवाल्यानं 'सगळे या' म्हटलं की ही चहा उतू जाईल म्हणून आत पळायची. दीपनगरला माझ्या भाच्याच्या साखरपुड्यात मात्र तिला कुणीतरी दंडाला धरून उभी केली होती. त्या ग्रुप फोटोत दुसऱ्या ओळीत, एका जाड्या पाहुण्याच्या खांद्यामागे ती आहे. तेवढीच.

तर तेराव्याची जेवणं झाली आणि तिचा धाकटा भाऊ अभिमन भिंतीकडे बघायला लागला. हा धुळ्याला असतो. आमच्या बैठकीच्या भिंतीवर माझे वडील, आई आणि थोरले बंधू असे तिघं सागवानी चौकटीत हार घालून बसलेले आहेत.

"दाजी," तो म्हणाला, "आमच्या अक्काला या भिंतीवर जागा नाही का?"

चाळीस माणसं सुपारी चघळायची थांबली. मला राग आला. तो चुकीचं बोलला म्हणून नव्हे, बरोबर बोलला म्हणून. आणि रागाच्या भरात मी शब्द देऊन बसलो: वर्षश्राद्धाला तुझ्या अक्काचा फोटो इथं लागलेला असेल, आणि या तिघांपेक्षा मोठ्या चौकटीत असेल. लगेच उठून भिंतीत खिळाही ठोकला. आता वाटतं, खिळ्याच्या आधी फोटोचा विचार करायला हवा होता. पण फोटो कुठं पळून जातोय, तो कपाटात आहे, आधी चौकट बघू, असं मी ठरवलं. पुरुषाच्या जातीला आधी चौकट दिसते.

चौकटीच्या बाबतीत कॉलनीत दोन पक्ष पडले. एक म्हणे नवी घ्या, एक म्हणे जुनी. जुनीच्या पक्षाचे पुढारी आमचे शेजारी गिरधरभाऊ. हे तलाठी म्हणून निवृत्त झाले असून, जगातली प्रत्येक वस्तू पूर्वी चांगली होती असं त्यांचं मत आहे. "नाना," ते मला म्हणाले, "हल्लीच्या चौकटीला लाकूड नसतं. नुसतं पॉलिश असतं, ते भिंतीला टेकलेलं असतं." धुळ्याला एका जुन्या कार्यालयाची जागा बदलत होती आणि तिथल्या मोडक्या सामानाचा लिलाव होता. त्या कार्यालयाच्या वऱ्हांड्यात एक चार बोटं रुंदीची सागवानी चौकट त्यांनी एकसष्ट साली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. चौकटीत काय होतं ते त्यांना आठवत नव्हतं.

चौकटीत मडम होती. लिलावाच्या यादीत ती 'तसबीर (बाई), जुनी, चौकटीसह, नग एक' अशी, फुटका माठ आणि पंख्याची पाती यांच्या मधोमध होती. गोऱ्या साहेबांच्या अमदानीतली कोणी सुखवस्तू बाई असावी. तेलरंगात काढलेली, खुर्चीत बसलेली, डोक्यावर जाळीदार झालरीचं टोपडं, खांद्यावर तांबडी शाल. चेहऱ्यावर असा भाव, की चित्रकारानं फार वेळ लावला आहे आणि तोवर घरात कुणी कामाला हात लावला नसेल. चौकट मात्र गिरधरभाऊ म्हणाले तशीच होती. कोपऱ्यांवर द्राक्षांचे घोस कोरलेले. मी हात वर केला. दुसरं कुणीच हात वर करेना, तेव्हा घाबरून मी पुन्हा केला. स्वतःच्याच बोलीवर बोली चढवणारा इसम त्या कार्यालयानं पहिल्यांदाच पाहिला असणार. तीन जण टेबलं सोडून बघायला आले.

धुळ्याच्या स्टँडवर कंडक्टरनं मडम एस.टी.त घ्यायला नकार दिला. उभी ठेवली तर खिडकी अडते, आडवी टाकली तर वाट अडते. शेवटी तिला मागच्या बाकावर बसवली आणि मी शेजारी तिला धरून बसलो. लांबून बघणाऱ्याला आम्ही दोघं गावाला निघालोय असंच वाटलं असतं. पारोळ्याला एक म्हातारी चढली. तिनं जागा शोधता शोधता मडमेकडे पाहिलं आणि थबकली.

"हाई कोन शे भाऊ?"

"कुणी नाही हो," मी म्हटलं.

"आसं नको म्हनू बापा," ती माझ्या शेजारी टेकत म्हणाली. "कव्हय गयी?"

मी सकाळपासून उपाशी होतो आणि महिनाभरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला होता, की उत्तर आपोआप बाहेर पडलं. "दिवाळीनंतर," मी म्हणालो. मी सुनंदाबद्दल सांगितलं होतं. म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. "कितली गोरीपान व्हती रे माय!" असं म्हणून तिनं सगळ्या गाडीला बातमी दिली. पुढच्या बाकावरच्या माणसानं बिडी विझवली. एरंडोल येईपर्यंत कंडक्टरसुद्धा माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला आणि सामानाचं तिकीट त्यानं फाडलंच नाही. खुलासा करायची तयारी माझ्यात होती. पण त्या बाईचं रडणं खरं होतं, त्यामुळं मलाही रडू यायला लागलं, आणि मग कुणासाठी ते कोण बघतो.

घरी आल्यावर भटू सुतार पक्कड घेऊन आला. त्यानं चित्र उलटं केलं तर मागच्या कापडावर शाईनं इंग्रजीत काहीतरी पुसट लिहिलेलं आणि खाली साल, १८२३. गिरधरभाऊ ओरडले, "थांबा! शंभर वर्षांवरची वस्तू आहे. हिला हात लावाल तर आत जाल!" भटूनं पक्कड पिशवीत घातली, पिशवी सायकलला लावली, आणि तो पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही.

इथं मी चुकलो. दुसरा कुणी असता तर दार लावून त्यानं चार खिळे उपसले असते आणि मडम गुंडाळून माळ्यावर टाकली असती. पण मी तेहतीस वर्षं लोकांना 'लेखी द्या' म्हणत आलो. मी लेखी दिलं. 'सदर चौकटीतून सदर बाई काढून त्या जागी अर्जदाराची मयत पत्नी बसविण्यास परवानगी मिळावी,' असा अर्ज दोन प्रतींत संबंधित कार्यालयाला पाठवला. उत्तर आलं, हेच आश्चर्य. 'जैसे थे' स्थिती राखावी, चौकटीस अथवा चित्रास कोणतीही इजा झाल्यास अर्जदार जबाबदार राहील. दोन महिन्यांनी एक साहेब तपासणीला आले. मडम जमिनीवर भिंतीला टेकवलेली बघून त्यांनी जीभ चावली. "ओल लागेल! वर टांगा, आत्ताच्या आत्ता!"

"साहेब, खिळा एकच आहे," मी म्हणालो.

"मग एकच लागतो," साहेब म्हणाले.

अशा रीतीनं सुनंदासाठी ठोकलेल्या खिळ्यावर मडम चढली. माझ्या आईशेजारी. आई हयात असती तर तिनं बाहेर अंगणात बिऱ्हाड मांडलं असतं.

नंतर नमुना आला. तो तीन प्रतींत भरायचा, सोबत वस्तूचे फोटो जोडायचे. फोटो काढायला मी टॉवरजवळच्या अय्युबला बोलावलं. अय्युब पूर्वी सिनेमाचे मोठमोठे बोर्ड रंगवायचा, आता स्टुडिओ टाकलाय आणि जुन्या फोटोंना रंग भरून देतो. त्यानं मडमेचे समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढले. तिनं एकदाही हालचाल केली नाही. जाताना तो म्हणाला, "नानाजी, भाभीचा फोटो पण देऊन ठेवा ना. त्याला टाइम लागतो." मी म्हटलं, आधी हे मिटू दे.

'वस्तूचे वर्णन' या रकान्यात मी लिहिलं होतं: 'बाई, बसलेली.' नमुना परत आला. शेरा, 'वर्णन त्रोटक. सविस्तर करावे.' आता माझ्या कागदाला त्रोटक म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. मला ते लागलं. मी मडमेसमोर खुर्ची टाकली आणि रोज सकाळी पेपर झाला की तिच्याकडे बघून टिपणं काढायला लागलो. चेहरा लंबगोल. डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर. डोळे घारे, उजव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी बारीक सुरकुती. हनुवटीला खळी, मधोमध नाही, जरा डावीकडे. एका कानात मोत्याचा डूल, दुसरा कान केसांच्या बटेखाली. टोपड्याच्या झालरीला सतरा चुण्या. डाव्या करंगळीशेजारच्या बोटात लाल खड्याची अंगठी, जरा सैल. हे सगळं दोन महिने चाललं. समोरच्या घरातल्या बेबाबाई, ज्यांचं आणि सुनंदाचं दिवसातून दहा वेळा जाणं-येणं होतं आणि ज्या अजूनही मला भाजीची वाटी आणून देतात, त्या दारातच थांबायला लागल्या.

"नाना, लोक बोलतात बरं का."

"सरकारी काम आहे," मी म्हणालो.

"असेल. पण दार लोटून तरी करा."

वर्णन चार फुलस्केप पानं भरलं.

त्याच सुमारास माझ्या ऑफिसातला जुना शिपाई चिंधा भुसावळहून आला. त्याला बातमी उशिरा कळली होती. गरीब माणूस, हातात झेंडूचा हार. मी पाणी आणायला आत गेलो तोवर त्यानं स्टुलावर चढून हार घातला आणि हात जोडून उभा राहिला. मी बाहेर आलो तेव्हा तो रडत होता. "ओळखू येत नाहीत हो वहिनी," तो म्हणाला. "दुखण्यात माणूस पार बदलून जातं." सुनंदानं त्याला कित्येकदा जेवू घातलं होतं. मी त्याला काय सांगणार? मी म्हटलं, हो, शेवटी शेवटी फार बदलली.

चिंध्यानं घातलेला हार काढायचा राहून गेला आणि चौथ्या दिवशी, आषाढातल्या एका दुपारी, काही न कळवता अभिमन दारात उभा राहिला. त्यानं भिंतीकडे पाहिलं. माझे वडील, माझी आई, माझे बंधू, आणि हार घातलेली मडम. मी सांगायला सुरुवात केली. जावक क्रमांकासकट सांगितलं. तो ऐकत नव्हता.

"म्हणजे जागा होती, दाजी," तो म्हणाला. "फक्त आमच्या माणसाला नव्हती."

पाणीसुद्धा न घेता तो परत स्टँडवर गेला. मी मागून छत्री घेऊन निघालो, पण तो बघेना. त्या दिवशी मला माझ्या सगळ्या पत्रव्यवहाराची किळस आली. सुनंदा जाऊन आठ महिने झाले होते आणि तिच्यासाठी मी काय केलं, तर एका परक्या बाईच्या टोपड्याच्या चुण्या मोजल्या.

दसऱ्यानंतर शेवटचं पत्र आलं. चित्र महत्त्वाचं असून लिलावाच्या यादीत ते चुकीनं समाविष्ट झालं होतं, सबब शासनजमा करण्यात येत आहे. मी कळवलं, चित्र आनंदानं न्या, चौकट माझी आहे. उलट टपाली उत्तर: चौकट हा चित्राचा अविभाज्य भाग आहे. एवढ्या तत्परतेनं त्या कार्यालयानं मला कधी उत्तर दिलं नव्हतं. मग जीप आली. पंचनामा झाला, पंच म्हणून गिरधरभाऊंनी ऐटीत सही केली. साहेबांनी माझं चार पानी वर्णन हातात घेऊन एकेक बाब ताडून पाहिली. भुवई, खळी, अंगठी, सतरा चुण्या. एक चूक निघाली नाही. "वा!" साहेब म्हणाले. "नाना, इतकं निरखून कोणी बघत नाही हो." मला त्याही परिस्थितीत बरं वाटलं, हे कबूल करतो. मडम गेली. भिंतीवर चौकोनी डाग आणि खिळा राहिला. वर्षश्राद्धाला बारा दिवस होते.

चौकटीचा हट्ट सोडून मी दीपनगरचा ग्रुप फोटो घेतला आणि अय्युबच्या स्टुडिओत गेलो. त्यानं भिंग लावून बराच वेळ बघितलं. तिचा चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा, त्यातही कुणीतरी हाक मारली म्हणून मान वळलेली.

"मोठा केला तर नुसतं धुकं येईल, नानाजी," तो म्हणाला. "पण फिकर नाही. खाली हा ठेवतो, वरून मी चेहरा काढतो. लई लोकांचे केलेत. तुम्ही फक्त सांगत जा." त्यानं कागद ओढला, पेन्सिल घेतली. "चेहरा गोल का लांबट?"

मी भिंग घेऊन पुन्हा त्या डाळीएवढ्या चेहऱ्याकडे बघायला लागलो.

"बरं, राहू दे. भुवया? जाड? मधे जुळलेल्या?"

मी आठवत राहिलो. मला चहाचा कप ठेवणारा तिचा हात आठवला. पेपराच्या डाव्या बाजूला, किनार पेपराला लागणार नाही असा ठेवायची. आतून येणारा आवाज आठवला, 'अहो, आंघोळीचं पाणी.' चुलीसमोर वाकलेली पाठ आठवली. एकतीस वर्षं मी त्या हाताकडे आणि त्या पाठीकडे पेपराच्या कडेवरून बघत आलो होतो. चेहरा काही केल्या येईना. येत होती ती सारखी दुसरीच, घाऱ्या डोळ्यांची.

"चमकी कुठल्या नाकपुडीत होती? हनुवटीवर गोंदण?" अय्युबनं विचारलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "दुःखात होतं असं, नानाजी. घाई नको. उद्या या."

मी मान हलवली. पण ते दुःखानं झालेलं नव्हतं, हे मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळत होतं. ती समोर होती तेव्हाच मी बघितलं नव्हतं. अभिमनला विचारता आलं असतं, एका रात्रीत धुळ्याहून आला असता. पण त्याला कोणत्या तोंडानं सांगू, की तुझ्या अक्काचा चेहरा कसा होता ते जरा कळव?

दुसऱ्या दिवशी मी बेबाबाईंना घेऊन गेलो. कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. त्या अय्युबसमोर बसल्या आणि न थांबता सांगत गेल्या. चेहरा गोल, गाल जरा बसलेले. चमकी डावीकडे. हनुवटीवर तीन टिंबं, मधलं पुसट. डाव्या भुवईत एक कापल्याची खूण, स्टोव्ह भडकला होता तेव्हाची. "आणि हसताना खालचा ओठ असा वर धरायची, पुढचा दात अर्धा तुटलेला होता ना, तो दिसू नये म्हणून."

"दात कधी तुटला?" मी विचारलं.

अय्युबची पेन्सिल थांबली.

"नाना," बेबाबाई म्हणाल्या, "ती सांगायची, लहानपणी झाडावरून पडली तेव्हाचा आहे. लग्नातसुद्धा तुटलेलाच होता."

वर्षश्राद्धाच्या सकाळी फोटो लागला. बाजारातल्या साध्या चौकटीत, नुसतं पॉलिश असलेल्या. अभिमन येईल की नाही अशी धास्ती होती, तो आला. चपला काढून तसाच भिंतीपाशी गेला आणि कितीतरी वेळ उभा राहिला. मग एवढा मोठा माणूस भिंतीला डोकं टेकवून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. "अक्का शे हाई," तो म्हणत होता. "मन्ही अक्का शे." त्यानं येऊन माझे पाय धरले, झालं गेलं विसरा म्हणाला. मी त्याला उठवलं. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. गिरधरभाऊ म्हणाले, नवी चौकटही काही वाईट दिसत नाही. जो तो पुढं येऊन बघत होता आणि म्हणत होता, हुबेहूब, अगदी हुबेहूब. मग अभिमननं डोळे पुसून मला विचारलं, "दाजी, तशीच आहे ना? तुम्ही सांगा. तुमच्याएवढं कुणी पाहिलं तिला?"

बेबाबाई कोपऱ्यात पानं मांडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अगदी तशीच आहे," मी म्हणालो. नाही म्हणायला माझ्याकडे काही आधारच नव्हता.